पेटीत न मावणारा दगड

चुनखडीच्या कांडीचं टोक पेटीच्या कडेबाहेर बोटभर आलं होतं. दिव्यानीनं टेप लावली, पुन्हा लावली. जमिनीत ड्रिल घालून काढलेली ही कांडी काल तिनं स्वतःच खाचेत बसवली होती. तेव्हा झाकणही सरळ बसलं होतं.

"रोशनभाऊ, पेट्यांची अदलाबदल कोणी केली?"

"कोनीच नाई मॅडम. बल्लारपूरले कोळशासाठी किती भोकं पाडली, पन वाढनारा गोटा नाई पाह्यला," ड्रिलर रोशन हसला. "वाढला तं वाढू द्या. सायब खूशच होतीन."

साहेब खरंच खूश झाले. थर जाड म्हणजे खाण नक्की, शेजारच्या टोल्याची वस्ती उठणार. पेट्या नागपूरला पाठवा, असा रोज फोन. दिव्यानी उद्यावर ढकलत राहिली. चुकीचं माप पाठवायची तिला चीड होती आणि बरोबर माप रोज बदलत होतं. तिनं टेप बदलली. कांड्यांवर रंगाच्या रेघा मारल्या. रेघांमधलं अंतरही वाढलं.

टोल्यातली सोनीबाई मोहफुलं वेचून परतताना पेट्यांपाशी थांबायची. हात लावायची नाही.

"रोज काय बघता?" दिव्यानी वैतागून म्हणाली.

"मेलेल्याच्या नावानं गोटा उभा करतो आमी. तो सुखी असला तं गोटा वाढते."

"हा जमिनीतून काढलाय, सोनीबाई. कोणाच्या नावाचा नाही."

"मंग तिकडचे काऊन कमी होऊन राह्यले?"

दिव्यानी चरफडत तिच्यामागे गेली. सागांपलीकडे मृतांचे दगड उभे होते. महिन्यापूर्वी तिनंच काढलेल्या फोटोत सोनीबाईच्या बापाचा दगड खांद्याला लागत होता. आता कमरेला. बुडाशी माती हललेली नव्हती. माथ्यावरचं शेवाळ तसंच होतं. एका लेकराचा दगड पाचोळ्यात शोधावा लागला.

भर उन्हात तो गार होता.

ती परतली तेव्हा पेट्या ट्रकवर चढल्या होत्या. साहेबांनी परस्पर गाडी पाठवली होती.

"दोघं उचलत होतो ते पेटी चढवाले सहा जन लागले," रोशन म्हणाला. आता तो हसत नव्हता.

तिनं पेटीच्या फळीवर तळवा टेकला. सावलीतली फळी कोमट होती. अंगासारखी.

फोन वाजला.

"निघाला का ट्रक?"

सोनीबाईच्या मागे अख्खा टोला येऊन उभा होता.

"नाही, सर."

तिनं फोन खाली घेतला.

"सोनीबाई, तुमची माणसं उतरवून घ्या."