शिरूरला ने

आमची आई, साखरबाई, चाळीस वर्षं यात्रेच्या बसवर स्वयंपाकीण होती. काशी, द्वारका, रामेश्वर. शिरूरच्या स्टँडवरून बस सुटली की मागच्या डिकीत तिची पातेली वाजायची. नर्मदेच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, गंगेच्या पाण्यात नाही, हे ती शपथेवर सांगायची. माझ्या सायलीला भूगोल तिनंच शिकवला. परीक्षेत मार्क मात्र पडले नाहीत.

कंबर मोडली तेव्हा ती ब्याऐंशीची होती. मी तिला दौंडला आणलं. कुरकुंभच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी शिफ्ट इनचार्ज. दोन वर्षं ड्युटी, औषधं, डायपर. थकलो होतो, खोटं कशाला बोलू? ती रोज एकच म्हणायची.

"मच्छिंद्रा, मला शिरूरला ने. माज्या चुलीपाशी."

"शिफ्ट बदलली की नेतो, आई."

"गाडी न्हाई तर उचलून ने. म्या न्हाई का तुला कडंवर काशीला न्हेला?"

रामेश्वर पाहिलेल्या बाईला मी पन्नास किलोमीटर काही नेलं नाही. सोमवारी दुपारी ती गेली.

जिथं जीव गेला तिथं संध्याकाळी रंगुमावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर वेताची पाटी पालथी घातली. पिठात उमटलेल्या खुणेवरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे. मी केमिस्ट्रीचा पदवीधर. पण मयताच्या घरात वाद कोण घालणार?

सकाळी मावशीनं पाटी उचलली. दिवा तेवत होता. पीठ नव्हतं. एक कणही नव्हता.

"मुंग्यांनी नेलं असेल," मी म्हणालो.

"येका रातीत शेरभर पीठ? मुंग्या न्हेत्यात व्हय रं?"

तिसऱ्या दिवशी सावडणं झालं. अस्थी घोड नदीत सोडायला मी आणि सायली शिरूरला गेलो. घाटावरून तसेच घरी आलो. दोन वर्षं बंद घर, किल्ली एकच, तीही माझ्या खिशात. कुलूप गंजलं होतं. तेल सोडलं तेव्हा कुठं उघडलं.

दारापासून चुलीपर्यंत पांढरी पावलं होती. पिठाची.

सायलीनं माझा हात घट्ट धरला. "पप्पा, ही आजीची नाहीत. मोठी आहेत. पुरुषाची."

जड ओझं उचलून आणल्यासारख्या टाचा मातीत रुतल्या होत्या.

खात्री करावी म्हणून मी बूट काढला आणि एका ठशाशेजारी पाय ठेवला. तंतोतंत.

डाव्या पावलाला करंगळी नव्हती. माझी लहानपणीच बैलगाडीच्या चाकाखाली गेली.

मला रडू फुटलं. बरंही वाटलं. आणलं होतं तिला कुणीतरी.

सायली मात्र पावलं न्याहाळत होती. तिची नजर दारापासून चुलीपर्यंत गेली, पुन्हा दाराशी आली.

मग तिनं माझा हात सोडला.

"पप्पा," ती उंबऱ्याकडे सरकत म्हणाली, "बाहेर जाणारं एकपण नाहीये."