डाव्या खांद्यावरची चिंधी

लाल ढोबळ्या मिरच्या भाजायचे दिवस आले की सिडनीजवळच्या पोर्ट केंब्लातल्या आमच्या गल्लीत प्रत्येक गॅरेजातून धूर निघतो. रिस्तो तालेव्स्कीची बायको ल्यूबा त्याला कॉम्प्युटरपुढून उठवून मिरच्या सोलायला बसवते. त्या शनिवारीही तो सोलत बसला होता, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. मर्ना क्विगलीने नवी तुकडी पाठवली होती.

रिस्तो शाळेत इतिहास शिकवायचा. जीव मात्र एका जुन्या युद्धाच्या गेममध्ये. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून त्या गेमसाठी एक मॉड तयार केला होता. मूळ गेममधले खोटेनाटे सैनिक काढायचे आणि त्यांच्या जागी खऱ्या प्राचीन फौजा घालायच्या, ढालीच्या मुठीपर्यंत अचूक. रिस्तोने पास केल्याशिवाय एकही तुकडी आत जात नसे. "पुरावा?" हा त्याचा एकच प्रश्न. लोक त्याला वचकून असत, आणि ते त्याला आवडे.

मर्ना त्याच गावात, वर टेकडीवर राहायची. सिडनीच्या नाटकांचे पोशाख करून नाव कमावलेली, जिभेने तिखट. मॉडमध्ये येऊन तिला वर्षही झालं नव्हतं, पण खेळणारे तिच्याच सैनिकांचं कौतुक करत. तिची माणसं नुसती उभी असली तरी दमलेली दिसत.

आता तिने अग्रियन केले होते. सिकंदराच्या फौजेतले डोंगरी भालाफेके. रिस्तोचे आजोबा त्याच मुलखातून बोटीने इथे आलेले. ही तुकडी त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती, कित्येक वर्षं तिच्यावर वाचत होता. मर्नाने ती बघता बघता उभी केली, आणि त्याच्या मनात होती त्याहून चांगली केली. प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर, ढालीच्या पट्ट्याखाली, कच्च्या लोकरीची एक चिंधी खोचलेली होती.

त्याने हात पुसून फोन लावला. "चिंधीला पुरावा?"

"पट्टा कातडं सोलतो, मास्तर. म्हणून खोचतात."

"खोचत असतील, असं म्हण."

"खोचतात," मर्ना म्हणाली. "घरी ये की. डोळ्यांनी बघ."

रविवारी दुपारी तो त्याच भाजल्या मिरच्यांच्या चटणीची, आयव्हारची, बरणी घेऊन गेला. तिच्या खोलीत एकही इतिहासाचं पुस्तक नव्हतं. भिंतभर चित्रं होती. पाठमोरे, जांभया देणारे, पाय खाजवणारे पुरुष. टेबल मागच्या खिडकीपाशी होतं. बाहेर अंगण, कपडे वाळत घालायचं फिरतं छत्र, कुंपण, आणि खाली पोलाद कारखान्याच्या चिमण्या.

"कुठून काढतेस?"

तिने हनुवटीने अंगण दाखवलं. "तिथे असतात ना. तुला नाही दिसत?"

शेजारच्या मांजराबद्दल विचारावं तसं तिने विचारलं. रिस्तोने डोळे ताणून पाहिलं. कोणी नव्हतं. गवत मात्र ओळीओळीने दबलेलं. समुद्राचा वारा होता, बाकीचं सगळं गवत हलत होतं. त्या ओळींतलं हलत नव्हतं.

त्याला भीती वाटायला हवी होती. झाला तो जळफळाट. माझ्या आजोबांच्या डोंगरातली माणसं, आणि उभी कुठे, तर हिच्या अंगणात!

"मला का नाही दिसत?"

"तू पुरावे बघतोस. माणसं कुठे बघतोस?" ती हसली. मग हसू ओसरलं. "सुटलास समज. रात्रभर खोकतात रे. डोळ्याला डोळा नाही माझ्या."

त्याला तोही तिचा तोराच वाटला.

घरी येऊन त्याने एकेका सैनिकाच्या खांद्यावरची चिंधी काढली. खाली लिहिलं, 'पुराव्याअभावी वगळली', आणि तुकडी सगळ्यांसाठी खुली केली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग खेळणाऱ्यांचे निरोप येऊ लागले. लढाई लांबली की अग्रियनांच्या डाव्या खांद्यावर लाल डाग पसरत जातो, काय बारकावा आहे, कमाल! रिस्तोने सगळी चित्रं उघडून पाहिली. लाल रंग कशातच नव्हता. त्याने स्वतः एक लढाई खेळून पाहिली. डाग होते. लढाई संपल्यावर बाकीच्या तुकड्या पळणाऱ्या शत्रूकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अग्रियन तसे उभे राहिले नाहीत. ते पडद्याबाहेर बघत होते.

त्याने चिंध्या परत घातल्या. डाग गेले नाहीत.

तेवढ्यात मर्नाचा फोन आला. आवाज टवटवीत. "मास्तर, अंगण रिकामं झालं! काय झोपले मी म्हणून सांगू! गवतसुद्धा वर आलंय." मग जरा थांबून, "तुझ्याकडे तर नाही ना आले?"

"नाही," रिस्तो म्हणाला.

तो खिडकीतून बाहेर बघत होता.

ते अंगणात उभे होते. ओल्या लोकरीचा आणि घामाचा वास काचेतून आत येत होता. प्रत्येकाचा डावा खांदा उघडा, सोललेला. क्षणभर त्याचा ऊर भरून आला. आले, शेवटी माझ्याकडे आले.

मग त्यांच्यातला एक खोकला. त्यामागे दुसरा. फोनवर मर्ना आळसावून जांभई देत होती, आणि तिच्या त्या जांभईचा रिस्तोला असा हेवा वाटला, जसा आजवर कशाचाच वाटला नव्हता.

मागचं दार वाजलं. ल्यूबा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन अंगणात उतरली होती.

"ल्यूबा, थांब!"

"थांबू काय? ऊन जाईल."

ती सरळ चालत गेली. पहिली रांग अदबीने बाजूला झाली. मग दुसरी.

ती छत्रापाशी पोचल्यावर तिच्यामागे रांगा मिटल्या.

छत्र किरकिरत फिरू लागलं. ल्यूबा दिसत नव्हती.

"अरे, चिमटे आतच राहिले," तिचा आवाज आला. नेहमीचाच. "आणून दे ना."

रिस्तोने चिमट्यांची पिशवी उचलली. दारात आला तेव्हा पहिल्या रांगेत एका माणसापुरती वाट उघडली होती.