मधमाशीला लावायचा शब्द

माझी बायको जेरा आमच्या कर्का नदीच्या वळणावर सापडली, त्या दिवशी शेतात कुट्टू फुलला होता. उडालेल्या मोहोळामागे ती पाण्यात उतरली होती. माश्या धरायची टोपली मनगटात अडकलेली होती.

फादर ओत्मार म्हणाले, "स्वतःहून उतरली, जीव द्यायला." त्यांनी तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं आणि मठाच्या दफनाच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं : मेली.

आमच्या भाषेत मेलं म्हणतात जनावराला. माणसांसाठी वेगळा शब्द होता. मधमाशीलाही तोच लावायचे, दुसऱ्या कुठल्या जिवाला नाही.

हे फादरांना जेरानंच शिकवलं होतं. ते आमच्या भाषेचा कोश करत होते; शेजारी लॅटिन आणि जर्मन. चार उन्हाळे आमच्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी बसून त्यांनी तिच्याकडून शब्द नेले. एकदा "माशी मेली" म्हणाले, तर ती खवळली.

"मरतील तुमची डुकरं! माशीला माणसासारखं म्हणा, फादर."

"जेरा, तू बिशपच व्हायला हवी होतीस," म्हणत त्यांनी लिहून घेतलं होतं.

मी विनवलं, "वहीतला एक शब्द बदला."

"कोशात हवे तेवढे बदलीन, बोल्फेंक. या वहीत नाही."

घरी येऊन मी रीतीप्रमाणे एकेक पेटी ठोठावून माश्यांना जेराची बातमी दिली. फादरांनी काय लिहिलं, तेही सांगितलं. गुणगुण थांबली.

आठवड्यानं मठाचा स्वयंपाकी म्हणाला, "फादरांची शाई उडतेय." मी जाऊन कोश पाहिला. लॅटिन होतं, जर्मन होतं. जेराच्या शब्दांच्या जागी कागद कोरा, मेण घासल्यासारखा तुकतुकीत. फादर पावाकडे बोट दाखवून पाव मागत होते.

मला बरं वाटलं.

सप्टेंबरात ते वही घेऊन आले आणि मला जेमतेम कळणाऱ्या जर्मनमध्ये बोलले.

"माझे शब्द का गेले, ते कळलं. तिला कुंपणाच्या आत घेऊ. आधी वहीत दुरुस्ती हवी. तो शब्द सांग, मला आठवत नाही."

"आधी कुंपणाबाहेर तिच्यापाशी चला, गुडघे टेका."

तिथल्या चिखलात टेकले.

ऊन कलेपर्यंत मी त्यांना तसंच ठेवलं.

"पाय गार पडले रे."

"तिचेही पडले होते."

मग मी तोंड उघडलं.

शब्द नव्हता.

घरी येऊन शेजारणीला विचारलं. तिचे ओठ हलले, आणि ती रडू लागली.

पेटीला कान लावला. आत माश्या तो शब्द बोलत होत्या, त्यांच्या गुणगुणीत; मला तो उचलता येईना.

तेव्हापासून आमच्या गावात माणसंही मरतात. जेरा कुंपणाबाहेर आहे. वहीतली दुरुस्ती राहिली आहे.