आण्णांचं बीपी गेलं कुठे?

आण्णांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आण्णा म्हणजे माझे आजोबा. कुणाला सांगणार नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं. तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सन २०६१ चा मार्च. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात (तपासून त्याच दिवशी घरी पाठवतात तो विभाग) आण्णांच्या नेहमीच्या तपासणीसाठी आमचा नंबर लागला. तिथे टिपणीस नावाचा रोबो माहिती टिपून घेतो. मी बाकावर नुसती चुळबुळत होते.

"बीपी आहे का?" त्याने विचारलं.

"होतं. गेलं," आण्णा ऐटीत म्हणाले.

टिपणीसने लाल घंटाच वाजवली. स्ट्रेचर धावत आलं. बीपी म्हणजे रक्तदाब. रक्तदाबच गेलेला माणूस बसून बोलतो कसा, हे कोडं त्या शब्दाला शब्द धरणाऱ्या बिचाऱ्याला सुटेना. आण्णा खवळले. मला मात्र राहवेना. गोळ्यांचं सगळं मी सांगून टाकलं. आण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

टिपणीसने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि आम्हा दोघांना पाच मिनिटं गप्प बसवलं. ती पाच मिनिटं सरता सरेनात. आकडा आला, १७८ वर १०४. हृदय आवळून रक्त ढकलतं, तेव्हा धमन्यांवर (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. ते सैल पडतं, तेव्हाचा खालचा. दाब सगळ्यांनाच असतो, तो सतत जास्त राहिला की आजार, असं त्याने समजावलं.

"पण मला काही त्रासच नाही," आण्णा म्हणाले.

आण्णांनी तीस वर्षं नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवलेत. टिपणीसने ती नोंद वाचली.

"आजोबा, दाब वाढला की पाइप आधी सांगतो का?"

आण्णांनी दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "नाही. एकदम फुटतो."

"मेंदूतल्या नळ्याही सांगत नाहीत. म्हणून मोजायचं."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या; विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. बाहेर आल्यावर आण्णांनी माझा हात धरला. वचन मोडलंस ते बरं केलंस, म्हणाले. मला रडूच आलं.

महिन्याने पुन्हा गेलो. टिपणीस आता शहाणा झाला होता. कुणी 'गेलं' म्हणालं, की घंटा न वाजवता गोळी कधी सोडली ते विचारायचा.

"आजोबा, बीपी आहे का?"

"आहे," सकाळीच घरी मोजून आलेले आण्णा म्हणाले. "एकशे बत्तीस वर चौऱ्याऐंशी. आणि असंच राहू दे."