एक कार्ड, दोन आज्या

"एकेचाळीस! एकाच दिवशी एकेचाळीस वाढदिवस!" लांब्या इतक्या जोरात ओरडला की डिंकाची बाटली टेबलावर आडवी झाली.

"बाटली उचल आधी!" दुभाष्या ओरडला. "माझी चड्डी चिकटली ना खुर्चीला, तर तुझी घालून घरी जाईन!"

सुट्टीचा तिसरा दिवस होता. लढाईतून जीव वाचवून, देश सोडून आलेल्या माणसांसाठी शहरात एक मदतकेंद्र होतं. तिथे ही तीन मुलं मदतीला यायची. केंद्र चालवणाऱ्या ताई दोन दिवस परगावी गेल्या होत्या. जाताना त्यांनी काम नेमून दिलं होतं, की इथे राहणाऱ्या प्रत्येकासाठी वाढदिवसाचं कार्ड बनवायचं. नोंदणी कार्यालयाच्या संगणकातून आलेली यादी समोर होती, आणि यादीत जिकडे बघावं तिकडे एकच तारीख. एक जानेवारी!

"त्यात काय! मीही एक जानेवारीचाच," दुभाष्या खो खो हसला. तो दोन वर्षांपूर्वी त्याच देशातून आला होता आणि दोन्ही भाषा फाडफाड बोलायचा. "आमच्या गावात तारखा कोण लिहून ठेवतंय? सीमेवरच्या साहेबाने विचारलं, आई म्हणाली, थंडीत झाला. झालं! त्याने ठोकून दिली एक जानेवारी. ज्याला तारीख माहीत नाही, त्याला हीच!"

गप्पू मात्र हसली नाही. बाबांची बदली झाली आणि ती सहा महिन्यांपूर्वी या शहरात आली. वर्गात तिचं कोणाशी भांडण नव्हतं. भांडायला तरी कोणीतरी बोलावं लागतं ना! दिवसभरात 'हजर' एवढा एकच शब्द ती बोलायची, म्हणून नाव पडलं गप्पू. केंद्रात ती समाजसेवेसाठी वगैरे आलेली नव्हती. अख्खी सुट्टी भिंतींशी किती बोलणार, म्हणून आली होती.

पण तिचे डोळे तेज होते. दाराजवळच्या बाकावरची आजी तिने पहिल्याच दिवशी हेरली होती. पायात बूट, मांडीवर गाठोडं. दार उघडलं की आजी उठून उभी राहायची आणि आलेला माणूस दुसराच निघाला की पुन्हा बसायची. गप्पूला ते बघवत नसे. मधल्या सुट्टीत कोणी आपल्या बाकाकडे आलं की तीही अशीच मान वर करायची.

दुपारी कार्डं वाटायला सुरुवात झाली. दुभाष्या नाव पुकारायचा, लांब्या कार्ड द्यायचा. एक नाव पुकारलं आणि बाकावरची आजी उठली. तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून चादरी ठेवून आणखी एक आजी हात पुसत बाहेर आली.

"एक कार्ड, दोन आज्या!" लांब्याने डोकं खाजवलं. "आता फाडून अर्धं अर्धं देऊ?"

"यादीत हे नाव एकदाच आहे," गप्पू हळूच म्हणाली. "बाकावरच्या आजींना विचार ना, त्या कोणाची वाट बघतात?"

दुभाष्याने विचारलं. आजी बोलत राहिली, मधेच डोळे टिपत राहिली. त्याचा हसरा चेहरा पार उतरला.

"तिची मुलगी याच देशात आहे. लांबच्या शहरात, कारखान्यात कामाला. आईला माझ्याकडे पाठवा, असा अर्ज केला तिने. कार्यालयाने उत्तर दिलं, 'आपल्याला कोणी नातेवाईक नाहीत, असं या बाईंनी लिहून दिलंय.' आजी म्हणते, मी असं कधी लिहून दिलंच नाही! शुक्रवारी संध्याकाळी पाचला अर्ज बंद होणार. मग नवा अर्ज आणि पुन्हा दोन वर्षं! ती म्हणते, दोन वर्षं मी उरेन की नाही, कोणाला ठाऊक."

"आणि या आजींचं कोण आहे?" गप्पूने चादरीवाल्या आजीकडे बोट केलं.

दुभाष्याने विचारलं. तिने एकच शब्द उच्चारला आणि ती खोलीत परत गेली.

"कोणी नाही म्हणाली," दुभाष्या पुटपुटला.

गप्पू ताडकन उठली. "अरे, मग लिहून दिलं ते त्यांनी! दोघींचं नाव एक. तारीख साहेबाने दिलेली, तीही एक. संगणकाला वाटलं, बाई एकच आहे! त्याने बाकावरच्या आजींची फाईल बंद करून टाकली!"

"गप्पू!" लांब्याचा आ वासला. "तुला एवढं बोलता येतं?"

तिघंही धावत नोंदणीच्या साहेबांकडे गेली. साहेब चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव तेच, तारीख तीच, म्हणजे बाई तीच! संगणक चुकत नाही, बाळांनो. जा, खेळा."

"पण साहेब, दोघींना भेटा तरी!"

"एका खिडकीवर एका वेळी एकच माणूस. नियम आहे!"

साहेब म्हणजे असे साहेब होते! लांब्या रागाने लाल झाला. गप्पू मात्र भिंतीवरची पाटी वाचत होती: 'शुक्रवारी हजेरी. अंगठा यंत्रावर ठेवावा.'

"एका वेळी एकच ना?" ती म्हणाली. "मग एकीमागे एक उभ्या करू!"

एरवी बाकावरची आजी सकाळीच हजेरी लावून जायची आणि चादरीवाली काम आटोपून दुपारी. या शुक्रवारी सकाळी मात्र रांगेत चादरीवाली आजी पुढे होती आणि बाकावरची आजी तिच्या मागे. पहिलीने अंगठा ठेवला. टिंग! हिरवा दिवा. "हजर," साहेब म्हणाले.

दुसरीने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल!

"या आजींचं दर आठवड्याला हेच," साहेब कंटाळून म्हणाले. "काम करून अंगठा झिजलाय. चला, नाव सांगा, मी हातानेच लावतो हजेरी."

दुभाष्याने नाव सांगितलं. साहेबांनी ते शोधलं आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"हजेरी तर लागलीय! आत्ताच!"

रांगेत पन्नास माणसं होती. तरी गप्पू पुढे होऊन ओरडली, "लागणारच! ती त्या आजींची लागली! अंगठा झिजलेला नाही, साहेब, यंत्रातला ठसा दुसऱ्या माणसाचा आहे! या आजींना मुलगी आहे आणि तुम्ही त्या मुलीला सांगितलंत, की तुझी आई तुझी नाही!"

साहेबांनी या आजीकडे पाहिलं, मग त्या आजीकडे. एवढ्या दिवसांत बहुधा पहिल्यांदाच ते नीट बघत होते.

"एका नावाच्या दोन बायका... अरे देवा!" चहा तसाच टाकून ते कपाटाकडे धावले.

दिवसभर शोधल्यावर बंद फाईल तळाच्या खणात सापडली. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिच्यावर शिक्का बसला. संध्याकाळी केंद्रात परतलेल्या ताई ही सगळी हकीकत ऐकून मटकन खुर्चीत बसल्या.

रविवारी आजीची लेक आली. आजी बाकावरून उठली, आणि या वेळी तिला पुन्हा बसावं लागलं नाही. दोघी इतक्या रडल्या की लांब्यासुद्धा "डोळ्यात डिंक गेला" म्हणत तोंड फिरवून उभा राहिला.

"शाब्बास, पोरांनो!" ताई म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं रोज त्या बाकाजवळून गेलो, पण विचारलं तुम्ही."

साहेबही मुद्दाम केंद्रात आले होते. त्यांनी गप्पूसमोर मान खाली घातली. "मी कागद पाहिले, पोरी. माणसं बघायला तू शिकवलंस."

आजीची आणि लेकीची गाडी सुटली. सगळे फाटकापाशी हात हलवत होते. दुभाष्या आणि लांब्या एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. गप्पूने सहज मागे वळून पाहिलं.

धुण्याच्या खोलीत चादरीवाली आजी एकटीच होती. तिच्या अंगठ्याने सगळं जुळलं होतं, पण या आनंदात तिला कोणी बोलवायला गेलं नव्हतं. तिच्या फाईलमध्ये 'कोणी नाही' असंच लिहिलेलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. भली मोठी चादर हनुवटीखाली धरून ती एकटीच घडी घालत होती, आणि दर वेळी एक टोक निसटत होतं.

गप्पू फाटकापासून मागे फिरली, खोलीत गेली आणि तिने ते टोक पकडलं. दोघींनी घडी घातली. मग दुसरी, मग तिसरी. बाहेरून तिच्या नावाने हाका येत होत्या. तिने "आले, आले!" म्हटलं, पण ती हलली नाही.

"मी उद्या येते हं, आजी," ती म्हणाली. "परवा पण येते."

आजीला ते कळलं की नाही, कोण जाणे. पण तिने ढिगातून पुढची चादर ओढली, झटकली आणि एक टोक गप्पूच्या हातात दिलं.