मागच्या सीटचं ओझं

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडली आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही पूर्वी हसले आहे.

साल १९८३. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडच्या पलीकडचा डोंगराळ रस्ता. डिसेंबरमधली पावसाळी संध्याकाळ. तिकडे त्या दिवसांत चहाच्या वेळेलाच अंधारून येतं.

मामा तेव्हा मामा नव्हते. पुण्याहून शिकायला गेलेला एकनाथ नावाचा काटकुळा पोरगा होता. प्रबंधाचा विषय विजेची गाडी. हो, तेव्हाही होत्या! जुन्या गाडीचं इंजिन काढून त्यात शिशाच्या जडशीळ बॅटऱ्या बसवायच्या आणि एका चार्जमध्ये ती कुठल्या रस्त्यावर किती मैल जाते ते मोजायचं.

सपाट रस्त्यावर चाळीस मैल आले होते. डोंगरात पहिल्या फेरीला तीस आले. आता दुसऱ्या फेरीलाही तीसच यायला हवे होते. आकडा जुळला तर प्रोफेसर सही करणार आणि डिग्री मिळणार. नाही जुळला तर हात हलवत घरी.

अर्ध्या वाटेवर एकनाथने गाडी कडेला घेतली. मीटर बघितला. सगळं ठीक होतं.

भूक लागली म्हणून त्याने पोळीभाजीचा डबा उघडला. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर चरात मेलेलं हरीण पडलेलं. पोट फुटलेलं. त्याला किळस आली, पण पोटात कावळे ओरडत होते.

तेवढ्यात वाटलं, झाडांतून कुणीतरी बघतंय...

आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे. कुणी बघत असताना एकट्याने खायचं नाही, निदान विचारायचं तरी. एकनाथ स्वतःशीच हसला आणि मोठ्याने म्हणाला, “या हो सगळे, जेवायला!”

कुणी आलं नाही.

अर्धी पोळी खाऊन त्याने डबा मागच्या सीटवर टाकला आणि गाडी सुरू केली.

थोड्या वेळाने...

चपचप.

पेट्रोलच्या गाडीत असले आवाज इंजिनाखाली दडपून जातात. ही गाडी मुकी. जिभेचं प्रत्येक चाटणं ऐकू येत होतं. आधी एक तोंड. मग दुसरं... मग तिसरं.

पाठोपाठ वास आला. बॅटरी तापली की सडक्या अंड्यांचा वास येतो, तो त्याच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. हा खाटकाच्या गटाराचा होता, आणि तो मानेवर गरम लागत होता.

त्याने मागे पाहिलं नाही.

मीटरचा काटा भराभर उतरायला लागला. पहिल्या फेरीत जो चढ गाडीने सहज घेतला होता, तिथे ती गाभण म्हशीसारखी रडतखडत चालली. पंचविसाव्या मैलाला बसलीच.

चपचप थांबली.

मागे टाकलेला डबा आता शेजारच्या सीटवर होता. रिकामा, चाटूनपुसून लख्ख. काठावरून लाळेची पिवळी तार लोंबत होती.

एकनाथ धूम पळाला. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून त्याने रूममेट श्रीरंगला फोन केला. श्रीरंग गाडी ओढून न्यायला दोर घेऊन आला, दार उघडलं आणि स्वेटर नाकावर ओढला.

“काय यार! गाडीत काय मेलेलं घेऊन फिरतोयस?”

मागच्या सीटवर तीन खळगे पडले होते. ओले, बुळबुळीत. कुणीतरी अजून बसलेलं असावं तसे.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांनी आकडे पाहिले. एकनाथने आशा सोडलीच होती. पंचवीस म्हणजे संपलंच सगळं.

प्रोफेसरांनी हिशेब केला, आणि चक्क खूश झाले. “एकट्याने तीस, भरल्या गाडीने पंचवीस! ओझ्याचा परिणाम मोजायचं मी सांगितलंही नव्हतं. किती जण होतात?”

“चार,” एकनाथ म्हणाला.

“बाकीचे तिघं कोण?”

एकनाथने क्षणभर विचार केला. डिग्री समोर होती.

“माझे मित्र, सर.”

प्रोफेसरांनी सही केली.

हे सारं मामांनी मला टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्यांच्या घरी सांगितलं. मी म्हटलं, “मामा, तुम्ही सरळ खोटं बोललात?”

मामांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला.

“खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं गं. मी ‘मित्र’ म्हणालो, आणि माझ्या मागे... तिघांनी ढेकर दिली.”

डिग्री त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावली आहे. तो वास जावा म्हणून मामी अगरबत्ती लावून लावून थकली आहे. मी अजूनही त्यांच्याकडे जाते, पण पाणीसुद्धा घेत नाही.