ओढ्यापलीकडची हुली

"ओढ्यापलीकडं पाय टाकायचा न्हाई. तिथं हुली हाय," निवृत्तीमामांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं आणि विषय संपवला.

हुली म्हणजे कानडीत वाघ, एवढं वर्षाराणीला कळलं होतं. सुट्टीत ती नांदेडहून मामाकडे आली होती. गाव निलंग्याच्या पुढचं, कर्नाटकच्या शिवेवरचं. तिथं मराठीत कानडी सहज मिसळायची. आणि शेजारच्या खाजामियाँची गाभण शेळी कालपासून नाहीशी झाली होती. तिच्या खुरांचे माग ओढ्याच्या वाळूत उतरले होते, परत आलेले नव्हते.

"आज-उद्या व्यायची होती ती," खाजामियाँचा नातू फरहान अंगणात येऊन म्हणाला. "दादानं आज अजून चहाबी घेतला न्हाई. पण शोधायला कुणीच जाऊन न्हाई राहिलं."

"वाघ बघितलाय कुणी?" वर्षाराणीनं हळूच विचारलं. मोठ्यानं विचारायला तिला भीती वाटायची. चुकलं तर लोक हसतात.

"सगळ्यांनी," मामेबहीण पुनम म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

पुनमनं वडलांकडे बघितलं. मामांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "मी कशाला बघू? खाजामियाँनं सांगितलं सगळ्या गावाला."

मुलं शेजारी गेली तेव्हा खाजामियाँ बाजेवर बसून होते. "मैं नहीं देख्या. मैं इस गाँव में नया आया तब मेरेकू लक्ष्मम्मा बोली, उधर नको जा, हुली है. मैं सबकू बोल्या. अब मेरी शेली गई, बेटा. मेरी शेली."

"शेली न्हाई आजोबा, शेळी," पुनमच्या तोंडून निघून गेलं.

"वही तो बोल्या मैं. शेली."

वर्षाराणी थबकली. बाहेर आल्यावर तिनं फरहानला विचारलं, "त्यांना 'ळ' म्हणता येत नाही?"

"आमच्या घरात कुणालाच येत न्हाई. शालेत सरबी थकले."

तिघं तडक लक्ष्मम्माकडे गेली. म्हातारी ओसरीवर वाती वळत होती. पुनमनं कानडीत विचारलं, ओढ्यापलीकडं काय आहे?

"हुळी," लक्ष्मम्मानं बोळकं आक्रसलं. "भाळ हुळी."

"हुली? वाघ?"

"कुठला वाघ गं?" म्हातारी आता मराठीवर आली. "चिंचा हायत तिथं. जनावरबी तोंड फिरवंल अशा आंबट. खाजाला म्हणलं होतं, नको जाऊ, फुकट दात आंबतील."

पुनम कपाळावर हात मारून म्हणाली, "हुली म्हणजे वाघ, पण हुळी म्हणजे आंबट! भाळ हुळी, लई आंबट!"

"म्हणजे इतके दिवस वाघ आमच्या दादाच्या जिभेवर राहिला?" फरहान म्हणाला.

ओढा ओलांडताना मात्र तिघं एकमेकांना चिकटून चालली. म्हातारीचीच काही चूक असली तर, असं वर्षाराणीच्या मनात दोनदा येऊन गेलं. पलीकडे चिंचेची जुनी झाडं होती आणि खाली चिंचांचा सडा. कुणी वेचायलाच येत नव्हतं. तेवढ्यात जमिनीखालून यावं तसं बारीक बें-बें ऐकू आलं.

झाडांमागे कोरडी विहीर होती. तळाच्या गाळात शेळी उभी होती, पोट टम्म, मान वर. विहिरीच्या पायऱ्या ढासळलेल्या.

फरहान वाकला तशी वर्षाराणीनं त्याची कॉलर धरली. "उतरायचं नाही. मोठी माणसं लागतील. आणि दोर."

"माझे अप्पा येणार न्हाईत," पुनम म्हणाली. "म्हणतील, वाघच शेळीचा आवाज काढून राहिला."

वर्षाराणी क्षणभर विचारात पडली. "शेळीसाठी नाही येणार. पण सापडलेला वाघ बघायला सगळे येतील. फरहान, तू पळ. सांग, विहिरीजवळ हुळी सापडली, लवकर दोर घेऊन या. खोटं काही बोलायचं नाही."

"मी? मला तर 'ल' म्हणताच येत न्हाई..." तो थांबला. मग त्याचे डोळे चमकले आणि तो पळत सुटला.

थोड्याच वेळात निम्मा गाव आला. काठ्या, दोर, एकाच्या हातात हलगी. खाजामियाँ धापा टाकत होते. निवृत्तीमामा सगळ्यांच्या मागे होते.

"कुठाय हुली?"

वर्षाराणी इतक्या माणसांसमोर उभी राहिली. तिनं मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर चिंच होती.

"ही, मामा. हुळी. लक्ष्मम्मा हेच सांगत होती. वाघ नव्हताच. शेळी विहिरीत आहे. दोर आणलाच आहे तर..."

मामांनी चिंचेचं बुटूक दाताखाली धरलं, एक डोळा मिटला, आणि मुकाट्यानं दोर कमरेला बांधला.

शेळी वर आली तेव्हा खाजामियाँनी आधी तिच्या पोटावर तळवा टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "हिल रहे. दो हैं," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा हात वर्षाराणीच्या डोक्यावर ठेवला.

मामांनी शेळी उचलून खांद्यावर घेतली. ओढ्याच्या काठावर उशिरा निघालेला एक जण भेटला. "काय निवृत्ती, वाघ कसा होता?"

"न्हवताच," मामा न थांबता म्हणाले. "ह्या पोरांनी जाऊन बघितलं. आपण नुसतं सांगत बसलो."